दीड शेराची तिपाई

शेजारचे डॉक्टर परवा सकाळी आले ते हातात छापील यादी घेऊनच. पक्षी बघायची मोठी दुर्बीण त्यांनी घेतली आहे, आता तिच्याखाली लावायला तिपाई घ्यायची आहे. हलकी घ्यावी तर वाऱ्याने हलते म्हणतात, जड घ्यावी तर डॉक्टरांची पाठ आधीच दुखते. "तुम्ही जुने शिकारी, तुम्हीच सांगा," असं म्हणून ते समोर बसले. मी जन्मात एक गोळी झाडलेली नाही. पण म्हाताऱ्या माणसाबद्दल गावात एकदा एखादी गोष्ट पसरली की ती त्याच्या तिरडीबरोबरच जाते, तेव्हा मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. तासभर तिपायांवर बोललो. पाय कसे असावेत, सांधे का वाजू नयेत, डोक्यावर काय बसवावं, सगळं सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही.

चैत्र लागला आहे. मूल गावच्या रस्त्याला बाया टोपल्यांत मोहफुलं घेऊन बसल्या आहेत. त्या वासाला काय म्हणावं हे मला अजून कळलेलं नाही. गोड म्हणावं तर त्यात आंबूसपणा असतो, आंबूस म्हणावं तर तोंडाला पाणी सुटतं. कुणाला त्या वासाने रान आठवतं, कुणाला सण, कुणाला दारूची पहिली धार. मला माझा मित्र मनोहर आठवतो आणि एवढ्या वर्षांनंतरही कानशिलं तापतात.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत आणि गडचिरोली ही त्याच जिल्ह्यातली नदीपलीकडची तहसील होती. मी नकाशे काढायच्या नोकरीत होतो. उन्हाळे रानात जायचे, पावसाळे कागदावर. मनोहर माझा शाळेपासूनचा मित्र, आम्ही एकाच बाकावर बसून एकाच छडीने मार खाल्लेला. त्याच्या वडिलांची मालगुजारी नुकतीच गेली होती. गावं गेली, पण रुबाब आणि रायफल घरातच राहिले, शिवाय लढाईनंतर लिलावात निघालेली एक जीप. मी रानात जायचो बघायला, तो जायचा मारायला, आणि तरी आमचं छान जमायचं. याला मी मैत्री म्हणत होतो.

माझ्याकडे एक पितळी दुर्बीण होती, ओढली की हातभर लांब होणारी. चांद्यातून एक गोरा साहेब कायमचा निघाला तेव्हा त्याने सामान विकलं, त्यात ती माझ्याकडे आली. तिच्यातून पलीकडच्या डोंगरावरच्या सांबराच्या कानावरची माशी दिसते, असं मी लोकांना सांगायचो. माशी कधी दिसली नाही, पण कान दिसायचा हे खरं. अडचण एकच होती. दुर्बीण हातात धरली की माझ्या छातीचा ठोका तिच्यात उतरायचा. सांबर, झाड, डोंगर, सगळं धडधडत राहायचं.

म्हणून तिपाईचा शोध सुरू झाला, आणि तो शोध म्हणजे माझ्या आयुष्यातला एक फार सुखाचा काळ होता, हे कबूल करायला हवं. आधी कचेरीतली मोजणीच्या फळीची सागवानी तिपाई नेऊन पाहिली. ती स्थिर होती यात वाद नाही. पण दोन कोस वाहिल्यावर खांदा म्हणायचा, सांबर राहू दे, मलाच गोळी घाल. मग चांद्याच्या एका फोटोवाल्याकडून त्याची पितळी तिपाई आठ दिवसांसाठी आणली. वजनाला हलकी, दिसायला देखणी, आणि रानात अगदी निरुपयोगी. ऊन पडलं की चमकायची, दगडाला लागली की वाजायची, आणि नाल्याच्या रेतीत तिचे बारीक पाय वीतभर आत जायचे. मग एकाच काठीला वर बेचकं ठेवून पाहिलं. ते पुढेमागे हलत नव्हतं, पण डावी-उजवीकडे डुलायचं. दोन महिने मी घरी, कचेरीत, जेवताना तिपाईबद्दलच बोलत होतो. आई म्हणाली, याचं लग्न लावून द्या आता.

शेवटी पोंभुर्ण्याच्या गणपतभाऊ बुरडाकडे गेलो. सोनारानेच कान टोचावेत, ते मी उगाच लोहाराकडे हिंडत होतो. गणपतभाऊंनी माझं सगळं ऐकलं आणि सांगितलं, "पाण्याच्या काठचा बांबू नोको. तो पोकळ रायते. मुरमावरचा मानवेल पायजे, अंगठ्यायेवढा, पण भरीव. अन अंधाऱ्या पाखात तोडलेला. चांदण्यात तोडला का घुन लागलाच समजा." त्यांच्याकडे तसे बांबू चुलीवरच्या माळ्यावर महिनाभर धूर खात पडलेले होते. त्यातले तीन त्यांनी एकेक करून गुडघ्यावर वाकवून निवडले. सांध्याला चामड्याची वादी, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे आवाज नाही. सगळं मिळून दीड शेर. दीड शेर! मी ती एका बोटावर तोलून बाजारभर दाखवत फिरलो.

हलकी तिपाई वाऱ्यात हलणार, हे गणपतभाऊंनाही कळत होतं. त्यावर त्यांची बायको सोनाबाईने उपाय सांगितला. तिपाईच्या मधोमध एक दोरी सोडायची आणि जिथे उभी करू तिथलाच एक दगड तिला बांधायचा. वजन घरून कशाला न्यायचं, रानात दगडांना काय तोटा! नकाशे काढणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसाला दोन महिन्यांत हे सुचलं नव्हतं. नंतरच्या आयुष्यातही मी पुष्कळ ओझी उगाच घरून वाहून नेली.

मनोहर त्या काळात तीन वेळा जीप घेऊन माझ्याबरोबर पोंभुर्ण्याला आला. मला त्याचं कोण कौतुक! एरवी माझ्या दुर्बिणीची टिंगल करणारा माणूस बुरडाच्या अंगणात उकिडवा बसून सूचना करत होता. वर सपाट फळी नको, सागाचं बेचकं बसव. बेचक्याच्या आत रबर लाव. पुढचा पाय जरा जाड घे. उंची चार बोटं कमी कर, मांडी घालून बसलं की खांद्याशी आली पाहिजे.

सोनाबाई कांब सोलता सोलता हसली. "दुर्बीण डोयाले लावते का खांद्याले, भाऊ?"

"तू तुह्यं काम कर ना बाई," मनोहर म्हणाला. आम्ही सगळेच हसलो. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

आम्ही निघालो ते गडचिरोलीच्या आतल्या रानात, बारा घरांच्या एका गोंड गावी. तिथला लालसू माझ्या ओळखीचा होता. तो गावचा भुमिया, म्हणजे जमिनीचं आणि देवाधर्माचं पाहणारा. दोन उन्हाळे त्याने माझ्याबरोबर मोजणीची साखळी ओढली होती. त्याच्या घरची आंबील मी प्यायलो होतो, आणि एकदा तापाने फणफणलो तेव्हा त्याने मला पाठुंगळी घेऊन नाला ओलांडून दिला होता. त्याला मी दुर्बीण दाखवली. सुलट्या बाजूने त्याने डोंगर पाहिला. मग ती उलटी करून मनोहरकडे लावली आणि खूश झाला. "आता बरा आहे. येवढाच रायला पायजे." मनोहरही हसला, पण जरा उशिरा.

त्या गावची एक रीत होती. मोहाचा सण होईपर्यंत डोंगरावरचं एकही फूल कुणी वेचायचं नाही. पहिलं फूल देवाला, मग माणसाच्या टोपलीत. आणि तोवर जी जनावरं फुलं खायला डोंगरावर येतील त्यांना कुणी हात लावायचा नाही. लालसूने आम्हाला हे अंगणातच सांगितलं. "फुलं खायले आलेलं जनावर म्हंजे पावना. पावना जेवून रायला असन तं त्याले मारत नाई. सण होऊ दे. मंग पाय."

"किती दिवस आहे सण?" मी विचारलं.

"पाच."

"पाच दिवस तं चुटकीत जातीन," मनोहर म्हणाला. "तोवर आमी फक्त पायतो."

लालसू म्हणाला, मातीला हात लावून सांगा. मनोहरच्या एका हातात रायफल होती, दुसऱ्यात सिगरेट. रायफल बरोबर घ्या असं लालसूनेच सांगितलं होतं, कारण मोहाखाली अस्वलं येतात. "माह्या वाटचा बी तूच लाव बे," मनोहर मला म्हणाला. मी खाली वाकलो आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. एक हात माझा, एक त्याचा. दुसऱ्या माणसाचा शब्द आपल्या हाताने देता येत नाही, एवढी साधी गोष्ट मला त्या वयात कळत नव्हती. गंमत अशी की तसं करताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

पहिली सकाळ मी कधी विसरणार नाही. नाल्याच्या अलीकडच्या कड्यावर तिपाई उभी केली, खाली दगड बांधला, बेचक्यात दुर्बीण ठेवली आणि श्वास सोडला. दुर्बिणीत काहीच हललं नाही. समोरचा उतार चारशे पावलांवर होता, आणि पानं गळालेल्या मोहांखाली जमीन पिवळट फुलांनी झाकलेली. उन्हं वर आली तशी फुलं अजूनही टपटपत होती. ती मला पडताना दिसत होती आणि आवाज मात्र येत नव्हता. मग तो आला. एवढं मोठं नर सांबर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मानेचे केस राठ, शिंगं जुन्या लाकडाच्या रंगाची. तो फुलं जिभेने गोळा करायचा, मान वर करायचा आणि चावता चावता डोळे अर्धे मिटायचा. हे मिटणंसुद्धा मला दिसत होतं. मला रडू आलं. आनंदाने आलं, सांगायला लाज कसली! मी बाजूला सरकलो आणि मनोहरला म्हणालो, "तू पाय."

त्याने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "शिंगं गळाले आलीत बे याची."

सांबराची शिंगं दरवर्षी या दिवसांत गळून पडतात. आज आहेत, उद्या नाहीत. मला वाटलं, मनोहरला अखेर बघण्याची गोडी लागली. किती बारीक पाहतो पठ्ठ्या!

दुसऱ्या दिवशी सांबर त्याच झाडाखाली आलं. मनोहर म्हणाला, इथून माद्या झाडीत लपतात, तू दुर्बीण घेऊन त्या पलीकडच्या खडकावर जा आणि किती आहेत ते मोज. खडकावर दुर्बीण टेकवता येईल, तिपाई इथेच राहू दे. मी आनंदाने गेलो. पन्नासेक पावलं. खडकावर कोपर टेकून मी माद्या मोजत होतो, तीन झाल्या होत्या, आणि मग पुन्हा त्या नराकडे वळलो. त्याच्या तोंडात फूल होतं. माझ्या मागे आवाज झाला. सांबर तेव्हा उभंच होतं. मग ते पुढच्या गुडघ्यांवर बसलं आणि तसंच आडवं झालं.

मी मागे वळलो. मनोहर मांडी घालून बसला होता. रायफलची नळी सागाच्या बेचक्यात होती, रबरावर. दस्ता खांद्याशी. तिपाईखालचा दगड सरळ लोंबत होता, जरासाही हललेला नव्हता.

"काय स्टँड बनवला बे तू!" तो म्हणाला. "हाललाच नाई."

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. बेचकं, रबर, जाड पाय, चार बोटं कमी केलेली उंची. सोनाबाईला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ते मला आत्ता दिसत होतं. मी दोन महिने माझ्या डोळ्यासाठी तिपाई निवडत होतो आणि तो माझ्याच हाताने त्याच्या रायफलीसाठी निवडून घेत होता. विश्वास पानिपतात गेला, असं आपण थट्टेत म्हणतो. माझा तिथे, त्या कड्यावर गेला, आणि थट्टा करायला मला तोंड उरलं नाही. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे रिकामं पितळी काडतूस खिशात टाकत होता. "मातीले हात तू लावला होता," तो म्हणाला. "म्या कुठी लावला?"

जनावर ओढायला त्याची माणसं जीपमध्ये तयारच होती. तेही आधीच ठरलेलं. लालसू आला नाही. गावातलं कुणीच आलं नाही. गोळीचा आवाज मात्र त्या बारा घरांनी ऐकला असणार.

दुपारी आमचा मुक्काम नदीकाठी पडला. मी मनोहरपासून लांब, पाठ करून बसलो होतो. त्याच्याशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच्या माणसाने कलेजी परतून पळसाच्या पानावर माझ्यासमोर आणून ठेवली, तिखट, वर भाकरी. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. मी पानाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. मग खाल्लं. रागात माणूस जरा जास्तच जेवतो. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. बोलणं सोडलं होतं, जेवण काही सोडलं नव्हतं.

आणि बोलणं तरी कुठे सुटलं? चांदा केवढंसं गाव. भीड भिकेची बहीण म्हणतात, तशी ती मला सगळीकडे नडली. वर्षभराने त्याच्या लग्नात मी पंगतीत वाढत होतो. ती शिंगं त्याच्या बैठकीत लागली आणि पाहुणे आले की तो माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचा, मारलं मी, पण खरी कमाल याच्या तिपाईची. लोक माझ्याकडे कौतुकाने पाहायचे. मी चहा पीत राहायचो. मनोहर गेला तेव्हा मी त्याला खांदाही दिला. त्याने कधी माफी मागितली नाही, कारण आपण काही चुकलो हे त्याला अखेरपर्यंत वाटलंच नाही. फसवणाऱ्याला आठवतही नाही आणि फसलेला जन्मभर तेच घोळवत बसतो, हा कुठला न्याय? असा विचार मी पुष्कळदा केला आहे, आणि प्रत्येक वेळी त्या विचाराच्या अर्ध्यात मला थांबावं लागलं आहे. त्याचं कारण लालसू आहे.

त्या गोळीनंतर आठव्या दिवशी मी एकटाच त्याच्या गावी परत गेलो होतो. सर्व्हिस मोटारीने गडचिरोली, तिथून बैलगाडी, पुढे चार कोस पायी. मला लालसूला सांगायचं होतं की मी फसवलो गेलो. तेवढं एक त्याला कळलं की माझ्या छातीवरचा दगड उतरेल असं वाटत होतं. गावाजवळ पोचलो तेव्हा सणाचा दिवस टळून गेलेला दिसला. डोंगरावर मोहाखाली फुलांचा थर साचला होता, खालची फुलं काळी पडायला लागली होती, आणि एकही टोपली तिकडे गेलेली नव्हती. बाया घरांपुढे बसून होत्या. या फुलांवर ते गाव वर्षातले कितीतरी महिने काढायचं. वाळवून खायचं, त्यांच्या बदल्यात मीठ आणायचं.

लालसूने मला खाटेवर बसवलं. तो समोर जमिनीवर बसला. आवाज चढवला नाही.

"गोळी कोनं मारली?"

"मनोहरनं."

"जागा कोनं दाखवली?"

"मी."

"तुले मालूम होतं?"

"नाही. तुझी शपथ, लालसू, मला काही माहीत नव्हतं. त्याने मला फसवलं."

"त्या डोंगरावरचं जनावर दिसते तुले," तो म्हणाला. "बाजूचा मानूस नाई दिसला."

मग त्याने मला गावाचा पेच सांगितला. म्हातारी माणसं तीन दिवस बसली होती. पाहुण्याला जेवताना मारलं, हे पाप मारणाऱ्याचं. पण शब्द माझा होता. शब्द देणाऱ्याने त्या जनावराचं मांस खाल्लं असेल तर तोही मारणाऱ्यातच आला, शब्द मोडला, आणि मग डोंगर यंदा बंद. फुलं मातीची. शब्द देणाऱ्याने खाल्लं नसेल तर शब्द शाबूत आहे. एक कोंबडा द्यायचा, सण करायचा आणि वेचायला लागायचं.

"तुज्यासाठीच थांबून हावो," लालसू म्हणाला. "तू खाल्लं का?"

"नाही," मी म्हणालो.

क्षणाचाही उशीर केला नाही. बारा घरांची फुलं वाचावीत म्हणून मी खोटं बोललो, असं मी स्वतःला पुढे कितीतरी वर्षं सांगत आलो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फुलं आठवलीच नव्हती. लालसूच्या डोळ्यांत मला मनोहरच्या शेजारी बसायचं नव्हतं, एवढंच.

लालसूने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो उठला, कुंपणाशी गेला आणि त्याच्या बोलीत मोठ्याने काहीतरी ओरडला. घराघरांतून बाया टोपल्या घेऊन बाहेर आल्या. एका पोरीने मला पाणी आणून दिलं. लालसू परत येऊन या खेपेला खाटेवर माझ्या शेजारी टेकला, आणि त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "तू नाई खाणार."